सातबारा जिवंत केलात, आता घरांच्या कार्डांकडेही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावायची, तेव्हा पेपरात रोज काही ना काही येत होतं आणि मी ते सगळं वाचत होते कारण त्याच काळात मी स्वतः एका मयत नावाच्या मागे फिरत होते. फरक एवढाच की मी ज्या नावाच्या मागे होते ते सातबाऱ्यावर नव्हतं, गावठाणातल्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर होतं, आणि गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. म्हणून शेतासाठी जे झालं ते घरांसाठीही व्हावं असं मनापासून वाटतं, त्यासाठी हे पत्र. थोडं लांबेल, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळं सांगते.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण कुणा एका ऑफिसवर किंवा माणसावर मला बोट ठेवायचं नाहीये. आमचं घर पाच खणी, कौलारू, मागे परसू आणि बाजूने एक बोळ. दोन पावसाळ्यांपूर्वी माजघराची भिंत खचली, दादाने ठरवलं की आता डागडुजी नको, पाडून नीट बांधू, आणि त्यासाठी बँकेत गेला. बँकेने पहिल्याच दिवशी विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे? दादा म्हणाला आमचंच आहे, घरपट्टी आम्हीच भरतो, लाईटबिल वडिलांच्या नावावर येतं. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, साहेब घरपट्टीवर मालकी ठरत नाही, प्रॉपर्टी कार्ड आणा आणि वकिलांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणा.

कार्ड ऑनलाइन मिळालं, सरकारी पोर्टलवर, डिजिटल सहीचं, दहा मिनिटांत, त्याबद्दल सरकारला खरंच धन्यवाद. पण त्यावर धारक म्हणून नाव होतं आमच्या थोरल्या आजोबांचं, म्हणजे माझ्या आजोबांच्या मोठ्या भावाचं. ते १९८१ ला वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यानंतर माझे आजोबा गेले १९९० ला, माझे वडील, अण्णा, २०१६ ला, पण कार्डावर एक ओळ वाढलेली नाही. चाळीस वर्षांवर कुणी त्या कार्डाला हातच लावला नव्हता, घरात राहत होतो तर कार्ड कशाला बघायचं, असंच सगळ्यांचं असतं.

मग सर्च. वकिलांनी सब रजिस्ट्रारकडचा तीस वर्षांचा सर्च घेतला आणि रिपोर्ट आला की या मिळकतीवर कोणताही व्यवहार आढळत नाही. आम्ही खूश झालो. वकीलच म्हणाले की ताई यात खूश होण्यासारखं काही नाही, तीस वर्षांत काही झालं नाही एवढंच यातून कळतं, तुमच्याकडे घर आलं कुठून ते यात कुठेच नाही. हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं आणि मला वाटतं अनेक वाचकांनाही ते माहीत नसेल, की आपल्याकडे सरकार मालकीची हमी देत नाही, सरकार फक्त दस्त नोंदवतं. नोंदणी झाली म्हणजे विकणारा खरा मालक होताच असं नाही. प्रॉपर्टी कार्ड, फेरफार हे सुद्धा महसुलासाठीचं रेकॉर्ड, त्याने मालकी जन्माला येत नाही आणि संपतही नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा तरी सांगितलंय. मग मालकी म्हणजे काय तर साखळी, याने त्याच्याकडून घेतलं, त्याने त्याच्या आधीच्याकडून, आणि प्रत्येक कडीला कागद. ती साखळी जिथे तुटेल तिथे भांडण उभं राहतं. आणि तीस वर्षांचा आकडा आला कुठून तर गहाण सोडवायची मुदत तीस वर्षांची आहे म्हणून, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात. पण जुन्या घराची पहिली कडी तीस वर्षांत कुठून सापडायची, ती शंभर वर्षं मागे असते.

आता पहिली कडी शोधायची कशी. आमच्याकडे खरेदीखत नव्हतं. आजीच्या ट्रंकेत सनद होती, सिटी सर्व्हे झाल्यावर फी भरून मिळते ती, पण तिच्यावर पण थोरल्या आजोबांचंच नाव. तेव्हा भूमी अभिलेख खात्यातून रिटायर झालेले आमच्या ओळखीचे एक काका म्हणाले, कार्ड बघू नका, कार्डाच्या मागे जा, चौकशी नोंदवही काढा. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. गावठाणाची मोजणी झाली की चौकशी अधिकारी प्रत्येक घराची चौकशी करतो, कोण राहतं, कुठल्या हक्काने राहतं, पुरावा काय दाखवला, आणि ते सगळं एका मोठ्या वहीत लिहिलं जातं, त्यावरून मग कार्ड बनतं. म्हणजे कार्ड हा निकाल आणि चौकशी नोंदवही म्हणजे त्या निकालाचं कारण. निकाल ऑनलाइन आहे. कारण आम्हाला ऑनलाइन मिळालं नाही.

ती वही बघायला मला पाच खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला सांगितलं जीर्ण आहे, नक्कल देता येणार नाही. दुसऱ्या खेपेला रेकॉर्ड सापडत नाही, तिसऱ्याला साहेब मीटिंगला. चौथ्या खेपेला मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली, आणि पाचव्या खेपेला रेकॉर्डरूमचे एक जुने कर्मचारी होते, वय पन्नाशीपुढचं, त्यांनी स्वतः शिडीवर चढून लाल रुमाल खाली काढला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, सरकारी दप्तरात त्याला रुमालच म्हणतात. गाठ सोडली तशी धूळ उडाली, कागदाच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या, आणि ते गृहस्थ पान उलटताना दोन्ही तळहात खाली धरायचे म्हणजे तुकडा पडला तर हातात पडावा. त्यांना मी कधीच विसरणार नाही. आमच्या नंबरासमोर १९७३ ची नोंद होती, धारक म्हणून थोरले आजोबा आणि त्यांच्या नावापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, हे कार्डावर उतरलंच नव्हतं. आणि पुराव्याच्या रकान्यात निळ्या शाईत, खरेदीखत, रजिस्टर नंबर आणि साल १९३१.

त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं आहे. ती ओळ नसती तर आम्ही अजून चाचपडत असतो.

रजिस्टर नंबर आणि साल हातात आल्यावर सब रजिस्ट्रारकडे अर्ज केला. इथे वाचकांना एक सांगते, १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक नंबर एक, ज्यात स्थावराचे दस्त उतरवलेले असतात, ते आणि त्याचा इंडेक्स फी भरून कुणीही बघू शकतो, तुमचा त्या घराशी काही संबंध असायलाच पाहिजे असं नाही. मृत्युपत्रांचं पुस्तक मात्र वेगळं, ते असं सगळ्यांना उघडं नसतं. आम्हाला हे माहीत नव्हतं म्हणून पहिल्यांदा आम्ही तुम्ही कोण, तुमचा काय संबंध याला उत्तरं देत बसलो. इंडेक्स एक नावावरून आणि इंडेक्स दोन गाव आणि मिळकतीवरून, नंबर नसेल तर वर्ष वर्ष धरून चाळावं लागतं. आमच्याकडे नंबर होता, दस्त मिळाला. मिळाला तो मोडीत.

मोडी आमच्या घरात कुणालाच येत नाही. आजोबांना यायची, अण्णांना थोडीफार, आमच्या पिढीत शून्य. नातं किती लवकर तुटतं बघा, आपल्याच गावातली, आपल्याच भाषेतली लिपी आणि समोर धरली तर एक अक्षर लागत नाही. आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढलेली आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत गेलेलं, शब्द कुठे संपला कुठे सुरू झाला कळत नाही, ऱ्हस्व दीर्घ नाही. पुराभिलेख खात्याच्या वर्गात मोडी शिकलेली एक मुलगी पुण्यात भेटली, पंचवीस सव्वीस वर्षांची असेल, तिने माझ्यासमोर बसून वाचायला सुरुवात केली. शके १८५३ प्रजापतीनाम संवत्सरे. घर पाच खण दुघई, परसू सुद्धा, किंमत चारशे पंचाहत्तर रुपये. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. चतुःसीमा, दक्षिणेस सरकारी बोळ. मी लिहून घेत होते. मग ती थांबली, पुन्हा वर गेली, आणि म्हणाली, काकू, घेणार पुरुष नाहीये, बाई आहे. इथे कोम लिहिलंय.

कोम म्हणजे अमक्याची बायको. घर माझ्या पणजीने घेतलं होतं. पणजोबा १९२६ च्या आसपास तापाने गेले, पदरात तीन मुलं, दोन मुलगे एक मुलगी, आणि तिने पाच वर्षांनी स्वतःच्या नावावर घर घेतलं. आमच्या घरात एक गोष्ट सांगायचे की पणजीने पाटल्या मोडल्या होत्या, कशासाठी ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी तिथेच रडले. घरात पणजीचा एक फोटो पण नाही, आणि जे घर आम्ही थोरल्या आजोबांचं म्हणून सांगत आलो ते तिने उभं केलेलं. ती १९६२ ला गेली, १९७३ ला चौकशी अधिकारी आला तेव्हा पुढे आला तो मोठा मुलगा, नाव त्याचं लागलं. त्यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही, तेव्हा रीतच तशी होती, घरात पुरुष असताना बाईचं नाव कोण सांगणार.

पण कायद्याने फार मोठा फरक पडला. पणजी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर गेली, घर तिच्या स्वतःच्या मालकीचं, म्हणजे मुलगे आणि मुलगी सारखे वारस, तिघांना तिसरा तिसरा हिस्सा. ती मुलगी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो, इंदूरला दिलेली. पुढे थोरले आजोबा निपुत्रिक गेले, बायको आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही, तर त्यांचा हिस्सा भाऊ आणि बहीण दोघांना सारखा. वकिलांनी कागदावर हिशेब मांडला आणि कागद दादासमोर सरकवला. अर्धं घर इंदूरकरांचं निघत होतं. कार्डावर ज्यांचं नाव नाही, सनदेवर नाही, घरपट्टीवर नाही, जे तीस वर्षांत त्या घरात पाणी प्यायला आले नाहीत त्यांचं अर्धं.

दादा दोन दिवस बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही, घर त्याने सांभाळलंय, दर पावसाळ्याला कौलं त्याने चाळलीत. कुणीतरी सल्लाही दिला की कशाला उकरताय, थोरल्या आजोबांचे वारस म्हणून फक्त तुमची नावं लावून घ्या, इंदूरला कोण सांगायला जातंय. असे सल्ले देणारे प्रत्येक गावात आहेत आणि बहुतेक घरांचे कागद असेच सरळ केले जातात, मग वीस वर्षांनी कुणीतरी नातू उभा राहतो आणि दावा लागतो. तिसऱ्या दिवशी दादाने स्वतःच इंदूरला फोन लावला. आत्याआजीचे नातू नाती मिळून चौघं, मराठी अजून बोलतात, थोडं तिकडच्या वळणाचं. त्यांना घर माहीतच नव्हतं. ते काय म्हणाले, काय ठरलं ते घरातलं आहे, इथे लिहीत नाही, पण भांडण झालं नाही, आणि ते झालं नाही कारण आम्ही कागद आधी दाखवले.

बोळाचंही असंच सुटलं. शेजाऱ्यांचं म्हणणं बोळ त्यांचा. आमच्या खतात दक्षिणेस सरकारी बोळ लिहिलेलं, पण ते म्हणणार तुमचं खत तुमच्या बाजूचंच बोलणार. तेव्हा त्या रिटायर काकांनी अजून एक युक्ती सांगितली जी मला फार मोलाची वाटली, की स्वतःचं खत नसेल किंवा कुणी मानत नसेल तर शेजाऱ्यांची जुनी खतं काढा, त्यांच्या चतुःसीमेत तुम्ही सापडता. शेजारच्या घराचं १९४४ चं खत इंडेक्सात मिळालं, त्यात उत्तरेस सरकारी बोळ आणि त्यापलीकडे अमुक बाईचं घर, माझ्या पणजीचं नाव, स्पष्ट. म्हणजे पणजी मालक होती याची साक्षही त्यांच्याच कागदाने दिली. शेजाऱ्यांनी ते वाचलं आणि विषय संपला, मोजणी नाही, कोर्ट नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही पुण्यात राहणारी, शिकलेली, थोडेफार पैसे खर्च करू शकणारी माणसं, तरी आम्हाला दीड वर्ष लागलं. ज्याला रोजची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं त्याने काय करायचं? आणि हे फक्त आमच्याकडचं नाही. मराठवाड्यात गेलात तर निजामाच्या काळातले उर्दू कागद आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, विदर्भातल्या शहरांत नझूल म्हणजे सरकारी मालकीच्या जमिनी, मुंबईत शहरात घराच्या जागेला सी.एस. नंबर आणि उपनगरात सी.टी.एस. नंबर. माझी एक मैत्रीण गोव्यातल्या फोंड्याची आहे, तिच्या घराचे कागद पोर्तुगीजमधे, तिला ते वाचून घ्यायला पणजी शहरात वकील शोधावा लागला. प्रत्येक भागात लिपी वेगळी, भाषा वेगळी, पण अडचण तीच, की पुरावा आहे पण वाचणारा नाही आणि कुठे ठेवलाय ते सांगणारा नाही.

म्हणून सरकारकडे माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं मागणं चौकशी नोंदवह्यांचं. जुने सातबारे, जुने फेरफार स्कॅन करून आपले अभिलेख या सरकारी पोर्टलवर टाकायचं काम बऱ्याच जिल्ह्यांत झालंय, चांगलं झालंय, त्याच धर्तीवर प्रत्येक सिटी सर्व्हे नंबरच्या कार्डाला त्याचं चौकशी नोंदवहीतलं पान जोडा. नवीन काही शोधायचं नाही, असलेलं पान दाखवायचंय. आणि ते लवकर करा, कारण मी जी वही बघितली ती अजून दहा पावसाळे काढेल असं मला वाटत नाही, आणि एकदा त्या पानाचा चुरा झाला की खरेदीखताचा नंबर गेला, नंबर गेला की मग नावावरून वर्षानुवर्षं इंडेक्स चाळत बसायचं, तेही मोडीत.

मोडीचंही काहीतरी करा. प्रत्येक तालुक्याला नको, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी मोडी वाचणारा एक माणूस ठरलेल्या सरकारी फीवर बसवा, त्याच्या सहीचं लिप्यंतर ऑफिसात चालेल असं करा. आज काय होतं की एका पानाला कुणी किती घेईल याला धरबंध नाही, आणि वाचलेलं बरोबर आहे की नाही हे तपासायला दुसरा माणूस नाही. शिकलेली पोरं आहेत, हौसेने शिकलीत, त्यांना काम मिळेल.

आणि जिवंत सातबाऱ्यासारखी जिवंत कार्ड मोहीम काढा. गावोगावी ड्रोनने मोजणी करून स्वामित्व योजनेत नवी कार्डं दिली जातायत, त्याची सुरुवात तर आपल्या पुरंदरच्या सोनोरीतून झाली, अभिमानाची गोष्ट आहे. पण ड्रोनला वरून छप्पर दिसतं, वारस दिसत नाहीत. कार्ड बनवताना पुन्हा घरातला जो पुरुष पुढे येईल त्याचंच नाव लागणार असेल तर आमच्या १९७३ चीच गोष्ट नव्याने होणार. चौकशीच्या वेळी घर मुळात कुणी घेतलं, त्यांना मुली किती, त्या कुठे दिल्या, हे विचारणं सक्तीचं करा. मुलींना १९५६ पासून वडिलांच्या हिश्श्यात वारसा आहे, १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला केंद्राने वडिलोपार्जितात बरोबरीचा हक्क दिला, २०२० ला सुप्रीम कोर्टाने त्यावरची शंकाही काढून टाकली, पण कार्डावर आजही बघा किती ठिकाणी बहिणींची नावं सापडतात.

माझी आत्या, अण्णांची सख्खी बहीण, मिरजेला असते, वय ब्याऐंशी. दादा तिच्याकडे हक्कसोडपत्राचं विचारायला गेला तर ती म्हणाली, देते रे सही, पण आधी एकदा माझं नाव लागू दे कार्डावर, मला ते छापलेलं बघू दे, मग सोडते. दादाने मान्य केलं. वारस नोंदीचा अर्ज सगळ्यांच्या नावाने, इंदूरच्या चौघांसकट, पणजीच्या खताची नक्कल जोडून दिलाय. त्याला आता आठ महिने झाले. दर रविवारी आत्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न तोच असतो, लागलं का गं माझं नाव?

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे